सायकलची चड्डी आणि माझं दुकान

कापडाच्या दुकानात कटपीस कधी साठतात ते कळत नाही. ताका संपत आला की हात-दीड हात कापड उरतं. त्याचा शर्ट होत नाही आणि ते टाकवतही नाही. मग ते कोपऱ्यातल्या टोपलीत जातं. कधीतरी टोपली उपडी केली की आपल्यालाच वाटतं, अरे, एवढं कधी जमलं! आमच्या रविवारच्या सायकलींचे किस्से असेच जमलेत. परवा उणकलला तळ्याकाठी चहा पिता पिता एकापाठोपाठ एक निघाले, तर शेजारच्या बाकावरचे अनोळखी लोकही चहा थंड करून ऐकत बसले. म्हटलं, आता टोपली उपडीच करूया.

आधी माणसं सांगतो. आम्ही चौघंच. मी दाजीबानपेठेतला कापडवाला. आजोबा मिरजेकडून हुबळीत आले, तेव्हापासून दुकान तिथंच आहे. मला सगळे अण्णा म्हणतात. दुसरा गुरुनाथ, सरकारी नोकर, केशवापूरला राहतो. कुठलीही नवीन वस्तू आधी गुरूच्या घरी येते, मग बाजारात! तिसरे राघवेंद्र वकील. हे घरी पाणी मागतानासुद्धा कोर्टात अर्ज केल्यासारखे बोलतात. चौथ्या सुमनअक्का. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या, पण त्यांची नजर काही निवृत्त झालेली नाही. रविवारी पहाटे उणकलला जमायचं, सायकलनं धारवाडला जायचं, इडली-वडा खायचा आणि परत यायचं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून सुरू केलं, इडलीसाठी चालू ठेवलं.

आता माझी पंचाईत सांगतो, कारण सगळे किस्से तिच्याच भोवती फिरतात. माझा मुलगा प्रसाद बंगळूरची नोकरी सोडून दुकानात आला. चांगलं झालं, मी खूश होतो. पण थोड्याच दिवसांत म्हणायला लागला, "अप्पा, कापड घेऊन शिवायला टाकायला आता वेळ कुणाला आहे? आपले शिंपीसुद्धा रेडिमेड घालतात!" त्याला दुकानाचा पुढचा अर्धा भाग हवा होता. तिथं खेळाचे आणि सायकलचे कपडे ठेवायचे. हे महागातले कपडे! दसऱ्यापर्यंत मी हो म्हटलं नाही तर तो परत बंगळूरला जाणार. भांडला असता तर मी निभावून नेलं असतं. पण तो भांडत नाही. शांतपणे म्हणाला, "मग मी जातो, अप्पा. नुसतं बसून राहणं माझ्याच्यानं होणार नाही."

मला तो जायला नको होता. आणि वडिलांनी जिथं पँटपीस मांडले तिथं चड्ड्या लटकवायलाही माझं मन घेत नव्हतं. मग मी व्यापाऱ्यासारखा मधला रस्ता काढला. म्हटलं, "आमच्या ग्रुपमध्ये वापरून बघतो. एवढे पैसे घेण्यासारखा माल निघाला तर पुढचा भाग तुझा."

"आणि नाही निघाला तर मी मोकळा," प्रसाद म्हणाला.

म्हणजे माल चांगला निघाला तर दुकान जाणार, वाईट निघाला तर मुलगा जाणार. इकडं आड, तिकडं विहीर, आणि मधे मी सायकलवर!

*

पहिली चड्डी अर्थातच गुरूची आली.

तिला खांद्यावरून पट्टे होते आणि बसायच्या जागी आतून उशी शिवलेली होती. अंगाला अशी घट्ट की गुरू श्वास हप्त्याहप्त्यानं घेत होता. किंमत ऐकल्यावर सुमनअक्का म्हणाल्या, "एवढ्यात आमच्याकडं अख्खी इरकल येते, पदरासकट!"

"अक्का, इरकल नेसून सायकलवर बसून बघा की एकदा," गुरू म्हणाला.

"बसले आहे," अक्का म्हणाल्या. "कॉलेजला तशीच जात होते." विषय संपला.

माझं लक्ष कापडाकडं होतं. ही आमच्या धंद्याची खोड आहे. लग्नात पंगतीला बसलो तरी शेजारच्याची बाही दोन बोटांत धरून चोळून बघतो. गुरूची चड्डी तशीच मांडीजवळ चिमटीत धरून बघितली आणि म्हटलं, "पॉलिस्टर आहे."

"अण्णा, इटालियन आहे!"

"असेल. इटलीतलं पॉलिस्टर."

गुरू चिडला. मग पुरावा देणं आलं. कापड ओळखायची आमची जुनी रीत आहे. एक धागा काढायचा आणि जाळायचा. राख झाली तर सुती, वितळून गोळी झाली तर पॉलिस्टर. गुरूच्या चड्डीला मागं, कडेला, एक धागा लोंबत होता. तेवढा बरोबर सापडला मला. चहावाल्याची काडेपेटी घेतली. गुरू वकिलांना गिअर दाखवण्यात रंगला होता. मी मागं उकिडवा बसलो आणि काडी ओढली.

वकील शांतपणे म्हणाले, "अण्णा, विचार करा. कलम लागेल."

गुरूनं मागं वळून बघितलं. पेटती काडी, तिच्यामागं मी, आणि माझ्या डोळ्यांत संशोधकाचा आनंद!

"अण्णा! मी अजून आत आहे!!"

टुणकन सायकलवर बसला आणि जो सुटला तो थेट धारवाड. त्या दिवशी आम्हाला तो इडलीच्या टेबलावरच दिसला. वकील म्हणाले, "या कपड्यांनी वेग वाढतो म्हणतात, ते काही खोटं नाही."

घरी आल्यावर प्रसादनं विचारलं, "राख झाली की गोळी?"

"धागाच मिळाला नाही," मी म्हटलं.

*

पुढच्या महिन्यात गुरूनं त्यावर जर्सी घेतली. पांढरीशुभ्र.

त्या रविवारी नवनगरच्या जवळ आलो होतो. ऊन चढलं नव्हतं, पण घाम सुटला होता. गुरू पुढं, त्याच्यामागं वकील. एकदम वकील ओरडले, "गुरू, थांब! हलू नको!"

आम्ही सगळे थांबलो. गुरूच्या पाठीवर, मानेपासून खाली, लाल ओघळ. वीतभर! अक्कांनी क्षणात ताबा घेतला. त्याला फूटपाथवर पालथा झोपवला.

"काय झालंय?" गुरू म्हणाला.

"काही नाही," वकील म्हणाले. "तू अजिबात घाबरू नको. कुणाला शेवटचं काही कळवायचं आहे का?"

यावर कोण घाबरणार नाही! गुरू कण्हायला लागला. "दुखतंय हो अक्का. डाव्या बाजूला."

"रक्त उजवीकडं आहे रे."

"तिकडंपण दुखतंय!"

मी त्याच्या घरी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. वैदेहीवहिनी सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "कुठं? मानेच्या खाली का? अहो अण्णा, तिथं मी कुंकू लावलंय! कोरा कपडा तसाच कसा घालू द्यायचा? हे दूध घेत होते तेव्हा मागून हळदकुंकू लावलं."

आमच्याकडं घराघरांत हे आहे. कोरं कापड आलं की आधी देवापुढं ठेवायचं, कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट लावायचं, मग अंगावर घालायचं. पँटपीसला कोपरा असतो. या जर्सीला बिचाऱ्या वहिनींना कोपरा सापडला नाही, त्यांनी मान धरली. घामानं कुंकू उतरलं.

आम्ही हसायला लागलो. गुरू मात्र पालथाच पडून होता. "मग दुखतंय कशानं?" त्यानं फोनकडं तोंड करून विचारलं.

"काल मिरची भजी कुणी खाल्ली?" वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पण याला एक शेपूट आहे. ते कुंकू एका धुण्यात गेलं! आमच्या मलमलीवर पडलेलं कुंकू कपडा फाटेपर्यंत जात नाही. वहिनींनी हे माझ्या बायकोला सांगितलं आणि बायकोनं जेवताना सगळ्यांसमोर. प्रसादनं फक्त आणखी थोडी आमटी वाढून घेतली. मला ती आमटी बघूनच राग आला.

*

सुमनअक्कांनी जर्सी घेतली ती फक्त खिशांसाठी. या जर्सीला पाठीमागं कमरेवर तीन खिसे असतात. अक्का म्हणाल्या, "जन्मभर बायकांच्या कपड्याला खिसा नाही म्हणून पर्स सांभाळली. आता पाठीवर तीन खिसे मिळतात तर सोडू?" पंजाबी ड्रेसवर जर्सी चढवून आल्या.

येताना नवलूरला पेरू घेतले. तिथले पेरू म्हणजे काय ते खाणाऱ्यालाच माहीत. तिन्ही खिसे गच्च भरले. जर्सी मागून गुडघ्यापर्यंत आली! प्रत्येक स्पीडब्रेकरला एक पेरू बाहेर उडायचा. मागं गुरू होता. तो उतरायचा, पेरू उचलायचा, पुसायचा, आपल्या खिशात टाकायचा आणि परत सायकल हाणून मागोमाग यायचा. उणकलला पोचेपर्यंत त्याला धाप लागली होती.

"अक्का, तुमच्या खिशाला झाकण नाही," तो म्हणाला. "निम्मे पेरू सांडले वाटेत."

"माहीत होतं रे," अक्का पेरू परत मोजून घेत म्हणाल्या. "म्हणून तर तुला मागं ठेवलं होतं."

*

वकिलांचा किस्सा सांगायला त्यांची परवानगी नाही. पण त्यांनीच एकदा चहा पिताना सांगितलं आहे की, जे चौघांना माहीत आहे ते गुपित नव्हे.

वकीलसाहेबांनीही गुरूसारखीच पट्ट्यांची चड्डी घेतली. या चड्डीची एक अडचण असते. लघवीला जायचं म्हटलं तर आधी जर्सी काढायची, मग खांद्यावरचे पट्टे उतरवायचे, मग पुढचं सगळं. रायापूर सोडलं आणि वकील म्हणाले, "एक अल्प स्थगिती हवी." झाडांच्या आड गेले.

आम्ही रस्त्याच्या कडेला थांबलो. बराच वेळ झाला. अक्का पलीकडच्या बाजूला तोंड करून दुसऱ्या कुणाच्या तरी शेताचं कौतुक करत होत्या. शेवटी वकील आले. जर्सी घातलेली, सगळं व्यवस्थित. पण मान उजव्या खांद्यावर टेकलेली!

"काय झालं?" मी विचारलं.

"मान धरली," वकील म्हणाले. "एकाएकी. सरळच होत नाही. वय झालं, अण्णा."

गुरू म्हणाला, "चोळून देऊ?" मी म्हटलं, "नको, शिरेवर शीर असेल, तेल लावावं लागेल." वकील चेहरा वेडावाकडा करत उभे. आम्ही रिक्षा बघायला लागलो. तेवढ्यात अक्का वळल्या, त्यांनी वकिलांकडं वर्गातल्या शेवटच्या बाकाकडं बघावं तसं बघितलं आणि म्हणाल्या, "वकीलसाहेब, कान सोडा."

झालं होतं असं की, मुंज झाल्यापासूनची सवय. लघवीला जाताना जानवं उजव्या कानावर अडकवायचं. घाईत खांद्यावरचं जे हाताला लागलं ते त्यांनी कानावर चढवलं. जानवं जागच्या जागी होतं. कानावर होता तो चड्डीचा पट्टा! आणि त्यातलं इलास्टिक असं की त्यानं वकिलांचं डोकं खाली खेचून धरलं होतं.

पट्टा सोडल्याबरोबर 'फट्‌' असा आवाज झाला आणि मान ताबडतोब सरळ झाली.

वकिलांनी हेल्मेट घातलं, सायकल घेतली आणि गंभीरपणे म्हणाले, "हे रेकॉर्डवर घेऊ नका."

मी मात्र मनातून खूश झालो. हा माल आपल्या लोकांच्या कामाचा नाही, याचा एवढा धडधडीत पुरावा दुसरा कुठला मिळणार! घरी जाऊन प्रसादला सगळं रंगवून सांगितलं. तो पोट धरून हसला. हसू आवरल्यावर म्हणाला, "अप्पा, बिनपट्ट्याची पण येते."

*

मग मला वाटलं, एवढं काय त्या उशीत? आपण कापडवाले. आपण करू.

आमच्या बोळाच्या तोंडाशी हुसेनमास्तर आहेत. माझ्या लग्नाचा सूट त्यांनीच शिवला. त्यांना कल्पना सांगितली, तर माझ्यापेक्षा त्यांनाच चेव आला. मी दुकानातलं चांगलं जाड होजियरी कापड दिलं. उशीसाठी त्यांनी सोफ्याचा फोम आणला, चार बोटं जाड. शिवून झाल्यावर चड्डी टेबलावर ठेवली तर ती आपली आपण बसली!

पण सांगतो, पहिल्या रविवारी आराम वाटला. खरंच आराम. गादीवर बसूनच धारवाड गाठल्यासारखं वाटलं. मी गुरूला म्हटलंसुद्धा, "तुझ्या एका चड्डीच्या पैशात अशा वीस होतील." गुरूचा चेहरा पडला. मला वाटलं, जिंकलो. मुलगाही राहील आणि दुकानही राहील. प्रसादला म्हणेन, हाच माल आपण बनवू, मागच्या खोलीत मशीन टाकू.

मग ती चड्डी धुतली गेली.

वरून हात लावला तर कोरडी. शनिवारभर दोरीवर होती. घालून निघालो. उणकलच्या चढावर सीटवर नीट टेकलो आणि दोन्ही पायांवरून गार पाणी वाहत मोज्यात गेलं. फोमनं आतल्या आत बादलीभर पाणी धरून ठेवलं होतं! उभा राहून पायडल मारलं तर थांबायचं, बसलो की चालू.

धारवाडला हॉटेलात बाकावर बसलो. वेटर आला, बाक ओला बघून त्यानं फडक्यानं पुसला. मी जरा सरकलो. तिथंही ओलं झालं. त्यानं तिथंही पुसलं. मी परत सरकलो. आता वेटर वर बघायला लागला. त्यानं गल्ल्याकडं तोंड करून हाक मारली, "मालक्र, माळगी सोरतैत्रि!"

छत गळतंय म्हणे! बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. मालक आले, त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं, टेबल लावून वर चढले आणि छतावर हात फिरवून बघितला. आम्ही चौघं खाली माना घालून इडली खात होतो. मालक म्हणाले, "कोरडंच दिसतंय की!"

वकील हळूच मला म्हणाले, "अण्णा, आता तुम्ही उठू नका. उठलात तर त्यांच्या लक्षात येईल. बसलात तर वाहून जाऊ. निर्णय तुमचा."

दुकानात परतलो तशाच अवस्थेत. प्रसादनं माझ्याकडं एकदा बघितलं, टॉवेल दिला आणि म्हणाला, "अप्पा, सुकेपर्यंत गादीवर बसू नका. खाली पांढरे ताके आहेत." तो थट्टा करत नव्हता, मालाची काळजी करत होता. त्या क्षणी मला वाटलं, हा धंदा करेल. आणि लगेच दुसरं वाटलं, पण कुठं?

*

दसरा तोंडावर आला. घरात प्रसादची बॅग कपाटावरून खाली आली. रिकामी होती, पण खाली आली होती. त्याच्या आईनं ती पुसून ठेवली. मला ती पुसलेली बॅग बघवेना. रात्री जेवताना दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळेला लोणचं मागितलं.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी पहाटे निघताना त्यानं माझ्या हातात एक पाकीट दिलं. "कंपनीनं नमुना पाठवलाय. एकच आहे, तुमच्या मापाचा मागवला. आज हा घालून जा. मग काय ते सांगा."

बिनपट्ट्याची काळी चड्डी. हातात घेतली तर वजनच नाही. उशी म्हणावी तर बोटभरही जाड नाही. मनात म्हटलं, ही काय टिकाव धरणार! घालून निघालो.

नवनगर आलं. आता दुखेल म्हटलं. दुखलं नाही. रायापूर आलं. नाही. धारवाडला उतरलो, इडली खाल्ली, परत निघालो, नवलूरचा चढ-उतार झाला. कुठं टोचत नाही, कुठं चिकटत नाही, घाम कुठं गेला पत्ता नाही. नेहमी येताना मी दर मैलाला एकदा उभा राहून देवाचं नाव घेतो, त्या दिवशी देव सुटीवर होता. न दुखण्याचासुद्धा माणसाला राग येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

उणकलला वकिलांनी विचारलं, "अण्णा, निकाल?"

"ठीक आहे," मी म्हटलं.

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. कापडवाला दुसऱ्याच्या मालाला 'ठीक आहे' म्हणाला की काय समजायचं ते त्यांना माहीत होतं. अक्का म्हणाल्या, "हे आम्हाला सांगून काय उपयोग, अण्णा? ज्याला सांगायचं त्याला सांगा."

सणाचे दिवस म्हणून रविवारीही दुकान उघडं होतं. उशीर झाला होता, म्हणून घरी न जाता तसाच दाजीबानपेठेत गेलो. म्हटलं, दुकानात ठेवलेली पँट चढवू. प्रसादनं झाडून काढून उदबत्ती लावली होती. मी पायरी चढलो आणि माझ्या मागोमाग बसप्पा चढला.

बसप्पा अण्णिगेरीकडचा. आमचं जुनं गिऱ्हाईक, अंगानं माझ्यासारखाच. वर्षातून एकदा येतो, धोतर आणि पांढरं शर्टिंग घेतो. आणि आमच्या पेठेत एक नियम आहे. सकाळची बोहनी, त्यातून दसऱ्याची, कधी परत पाठवायची नाही आणि ताटकळतही ठेवायची नाही. मी तसाच चड्डीवर उभा राहून म्हटलं, "बर्री, बसप्पा! या! धोतर दाखवू?"

बसप्पा धोतराकडं बघतच नव्हता. तो माझ्याभोवती एक चक्कर मारून आला. मग वाकून त्यानं माझ्या मांडीवरचं कापड दोन बोटांत धरलं, चुरगाळलं, सोडलं. मागून उशी दाबून बघितली.

"इदु एनरी, मालक्र?" हे काय म्हणून त्यानं विचारलं.

"हे तासन्‌तास बसणाऱ्यांसाठी," मी म्हटलं. आणि मग काय झालं ते मला सांगता येणार नाही. माझं तोंड इतकी वर्षं माल विकत आलंय, ते माझं ऐकत नाही. "घाम धरत नाही. शिवण टोचत नाही. रात्री धुतली की सकाळी कोरडी. इस्त्री नको, काही नको. आत्ता धारवाडला जाऊन आलोय, बघा, कुठं कण्हतोय का मी?"

प्रसाद हातातलं काम सोडून ऐकत होता.

"ट्रॅक्टरवर चालंल?" बसप्पानं विचारलं. "दिवसभर बसून बसून बूड राहिलं नाही बघा. धोतराच्या आत घातली तर?"

"ट्रॅक्टरवर तर फारच छान! धोतराच्या आत कुणाला दिसणारसुद्धा नाही!"

त्यानं किंमत विचारली, मी सांगितली. त्यानं परत एकदा उशी दाबली आणि बंडीच्या आतल्या खिशातून पैसे काढून माझ्या हातात ठेवले. "कट्टि कोडरी," म्हणाला. बांधून द्या.

मी पैसे कपाळाला लावून गल्ल्यात टाकले आणि म्हटलं, "प्रसाद, बांध एक."

"अप्पा," प्रसाद हळू आवाजात म्हणाला, "एकच आहे."

"मग तीच बांध की!"

प्रसादनं माझ्या कमरेखाली बघितलं. मग मीही बघितलं.

"बसप्पा," मी म्हटलं, "ही घातलेली आहे, घामाची आहे. दसरा झाला की नवीन मागवून देतो."

"मी ट्रॅक्टरवर घालणार, देवळात नाही," बसप्पा म्हणाला. "घरी धुवून घेतो की. हीच द्या. बोहनीचे पैसे गल्ल्यात गेले तुमच्या. आणि माझी बस आहे."

भर बाजार, उघडं दुकान, मागची खोली सणाच्या मालानं दारापर्यंत भरलेली, समोर दसऱ्याची बोहनी. मी प्रसादकडं बघितलं, प्रसादनं माझ्याकडं.

"प्रसाद," मी म्हटलं, "तुझ्या बाजूचं शटर खाली ओढ."

"माझ्या बाजूचं कुठलं, अप्पा?"

"पुढचं रे! पुढचं सगळं तुझंच की आता! ओढ लवकर, बस चुकेल त्यांची!"